मे महिन्यातली परीक्षा

प्रिय अश्विन,

आईच्या ब्लाउजांच्या पिशवीत हे पाकीट बघून दचकू नकोस, घरी सगळे धडधाकट आहोत. फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. पण माझं फोनवर बोलणं कसं असतं ते तुला माहीत आहे. हात मशीनवर, कापड सुईखाली आणि फोन खिडकीत, स्पीकरवर. त्या स्पीकरपायीच हे पत्र लिहावं लागतंय, ते पुढे सांगते. शिवाय फोनवर मी एक तर तुझ्याशी भांडले असते नाहीतर रडले असते, आणि लग्न तोंडावर आलेल्या नवरदेवाला दोन्ही बरं नाही.

दमले आहे रे. लग्नसराईचं शिवण तर डोक्यावर आहेच. तुझे भाऊजी मौद्याला शिफ्टमध्ये, आठवड्यातून एकदा घरी येतात आणि येतात ते झोपायला. पण ही दमणूक मशीनची नाही. मशीन चालवून पाय दुखतात, माणूस झोपला की मोकळे होतात. गेलं वर्षभर मी गुंजनचा चेहरा घेऊन नागपूरभर फिरते आहे, त्याने दमले.

सुरुवातीला कपाळावर बारीक बारीक दाणे आले, तेव्हा मला घामोळ्याच वाटल्या. मग गालावर आले, हनुवटीवर आले, लाल झाले, पिकले. अकरा वर्षांची पोर माझी. मला मुरुमं आली ती कॉलेजात, त्यामुळे इतक्या लहानपणी हे काय, म्हणून मी घाबरले. आणि मग सुरू झाले सल्ले. रोग परवडला पण सल्ले देणारे नकोत, अशी गत झाली. शेजारणीने सांगितलं, रात्री टूथपेस्ट लाव. सासूबाईंनी बेसन-हळद लावली. रक्त खराब आहे म्हणून कोणी कडुलिंबाचा रस पाजायला सांगितला, तर तो पिऊन पोर शाळेच्या गेटपाशी ओकली. पार्लरवालीने दाबून दाबून दाणे फोडले, त्याचे काळे डाग अजून आहेत. तळलेलं बंद, शेंगदाणे बंद, रविवारचे तर्री-पोहे बंद. तू आलास की मामा-भाची मिळून हादडायचात, आठवतं ना? आता आम्ही पोहे खातो आणि ती बिनतेलाचा उपमा. एका बाईने तर मला हळूच सांगितलं की मुलीची जात आहे, आत्तापासूनच बघा, पुढे लग्नाला अडचण येईल. पोरीचे दुधाचे दात आत्ता कुठे पडून संपलेत.

मग तुझा साखरपुडा ठरला आणि आईने उमरेडहून एक ट्यूब आणली. तिच्या शेजारची सून गोरं दिसायला लावते म्हणे ती. आईने मायेनेच आणली, त्यात शंका नाही. आणि काय सांगू, चार-पाच दिवसांत चेहरा लोण्यासारखा झाला. साखरपुड्याच्या दिवशी तू पाहिलासच. तुझ्या भूमिकाने तिचा गालगुच्चा घेतला आणि ही माझ्या नवऱ्याची करवली, असं सगळ्यांना सांगत फिरली. तो फोटो आईने फोनवर लावून ठेवलाय. त्या फोटोतली गुंजन सगळ्यांच्या डोक्यात बसली आहे, म्हणून आता जो तो मला विचारतो की एवढा चांगला झालेला चेहरा तू बिघडवलास कसा.

ट्यूब संपली आणि पंधरवड्यात सगळं परत आलं, दुपटीने. चेहरा लालभडक, हात लावला तरी आग व्हायची. पुन्हा लावली की जायचं, थांबवली की यायचं. शेवटी मी हात टेकले आणि धंतोलीतल्या एका चामडीच्या डॉक्टरीणबाईंचा नंबर लावला. त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं की आजवर जे जे लावलं ते सगळं घेऊन या. मी पिशवीभर नेलं. बाईंनी एकेक वस्तू टेबलावर मांडली आणि ती ट्यूब उचलून बाजूला ठेवली. कोणी लिहून दिली, विचारलं. कोणीच नाही, दुकानातून आणली, म्हटलं. त्या रागावल्या नाहीत, नुसता श्वास सोडला. रोज असे चेहरे बघतात म्हणाल्या. त्यात स्टेरॉइड असतं, ते दाणे दाबून ठेवतं आणि चामडी पातळ करतं, मग थांबवलं की सगळं उसळून वर येतं. ही ट्यूब पुन्हा चेहऱ्याला लावायची नाही, एक दिवसही नाही.

मग त्या माझ्याशी बोलायच्या थांबल्या आणि गुंजनकडे वळल्या. वर्षभरात तिच्याशी बोललेलं ते पहिलंच माणूस, बाकी सगळे तिच्या गालाशी बोलत होते. हे घाणीमुळे होत नाही, रक्त खराब नसतं, तुझी काही चूक नाही, अंग वाढीला लागलं की होतं आणि कोणाला लवकर होतं, असं सांगितलं. दोन वेळा साध्या फेसवॉशने तोंड धुवायचं, रात्री एक हलकं मलम, बाहेर जाताना उन्हाचं क्रीम, बाकी काही नाही. दाणे फोडायचे नाहीत. तीन-चार महिने तरी लागतील. गुंजनने सगळं ऐकून एकच विचारलं, मामाच्या लग्नापर्यंत जाईल का? बाई खोटं बोलल्या नाहीत. कमी होईल, पण जाणार नाही, म्हणाल्या. स्कूटीवर मागे बसून पोर घरापर्यंत माझ्या पाठीला डोकं टेकवून होती. ओढणी तोंडाला गुंडाळलेली, पाठ भिजली तेव्हा मला कळलं.

ती ओढणी आता उतरतच नाही. उन्हासाठी नागपूरच्या सगळ्याच पोरी तोंड बांधतात, त्यात कोणाला काही वाटत नाही. पण ही घरात आली तरी सोडत नाही, कूलरसमोर तोंड बांधून बसते. एकच वेळ ती ओढणी काढायची. तुझे भाऊजी सुट्टीवर आले की त्यांना खुर्चीत बसवायची, तांब्यात पाणी घालून वर नारळ ठेवून करा करायची आणि मागे उभी राहायची. मंगलाष्टकं चालू असताना करवली नवरदेवाच्या डोळ्यांना पाणी लावते ना, त्याचा सराव. रात्रपाळी करून आलेला माणूस डुलक्या घ्यायचा आणि ही गार पाण्याची बोटं डोळ्यांना लावून त्याला उठवायची. ते चिडायचे नाहीत, हसायचे.

रविवारी आईचा फोन आला. मी काठ लावत होते, फोन खिडकीत, आणि गुंजन माझ्या पायाशी बसून ब्लाउजला हुक लावत होती. मी काही म्हणायच्या आत आई बोलून गेली, ‘गुंजनले उगाच काहून उभं करतं वं? तो फोटोवाला लय जवळून फोटो काढते. केशवकाकाची रितिका घेईन करा. अश्विनही तसंच म्हणून राहिला. नाहीतर मी ते ट्यूब आणून ठेवली आहे, लग्नापुरती लाव.’ मी फोन उचलून बंद केला तोवर सगळं बोलून झालं होतं.

गुंजन हुक लावत राहिली. नंतर बघितलं तर सगळे उलट्या बाजूला लावलेले, मला उसवावे लागले. संध्याकाळी जवळ येऊन हळूच म्हणाली, ‘आई, लग्नापुरती लावू दे ना. मंग कधीच नाही मागणार.’ मी नाही म्हटलं. ती रुसली नाही, रडली नाही, त्याचंच मला जास्त लागलं. आईवर माझा राग नाही, तिला कळलं असतं तर ती ट्यूब तिनेच नालीत फेकली असती. तूही तिला काही बोलू नकोस, मी समोर बसून सांगेन.

पण हे पत्र मी ट्यूबसाठी लिहायला घेतलं नव्हतं. काल गुंजन कागद घेऊन आली आणि म्हणाली, ‘मामाले लिही, त्या दिवशी माझी परीक्षा आहे. मंग त्याले वाईट नाही वाटणार.’ तुला वाईट वाटू नये म्हणून, अश्विन. मी तेच लिहायला बसले होते, खरंच सांगते, इतकी दमले आहे. पण मे महिन्यात कुठली शाळा परीक्षा घेते रे? तिच्या घागऱ्याची खालची पट्टी अजून घालायची आहे, तो मशीनवर तसाच पडलाय. आई म्हणाली ते तू खरंच म्हणालास की आईने आपलंच तुझ्या तोंडी घातलं, मला माहीत नाही. तू म्हणाला नसशील तर फोन कर. फोन खिडकीतच असेल, स्पीकरवर, आणि ती पायाशी हुक लावत असेल. करा कोण घेणार ते मोठ्याने सांग. आणि म्हणाला असशील तर फोन करू नकोस, मी काही विचारणार नाही. त्या दिवशी गुंजनची परीक्षा आहे.

तुझीच,
नंदाताई