गादीच्या जाहिरातीपुढची गोष्ट

जयेंद्रगंज, लष्कर,
ग्वाल्हेर

चि. मोहित यास कान्होजीमामाचे अनेक आशीर्वाद. (आशीर्वाद रीतीचे आहेत. भाच्याला ते द्यावेच लागतात, त्यात मामाची मर्जी कोणी विचारत नाही.) इकडे सर्व क्षेम, म्हणजे माझे गुडघे दुखतात आणि थंडी वाढली आहे. तुझी आई कशी आहे? पुण्याची हवा तिला मानवली का? तुला मानवली, हे आम्ही चौघांनी गाडीत बसून कानांनी ऐकले. घरात फोन असताना पत्र कशाला, असे तुला वाटेल. फोनवर बोललो असतो तर तू ते रेकॉर्ड केले असतेस, पाठीमागे तबला लावला असतास आणि पुढचा भाग म्हणून लोकांना वाढले असतेस. कागदाला हशा लावता येत नाही, म्हणून कागद.

तुला ठाऊक असेलच (नसेल तर आईला विचार), आपल्या घराण्यातले पुरुष तलवारी घेऊन दख्खनहून इकडे आले, पण कुळदेवीला तुळजापुरातच ठेवून आले. त्यांनी घोड्यावरून जो रस्ता एकदाच कापला, तो आम्ही पिढ्यान्पिढ्या उलट्या दिशेने कापतो आहोत. यंदा समरजीतच्या लग्नानंतरचे दर्शन राहिले होते. तेव्हा गाडी चालवायला चिरंजीव समरजीत, शेजारी मी, मागे तुझी मामी आणि सूनबाई सोनिका, अशी फौज निघाली. (सोनिका इथल्याच मुरार भागातली, माहेरची भाषा हिंदी. हे पुढे लागणार आहे, म्हणून सांगून ठेवतो.) या प्रवासाचा एक कायदा आहे आणि तो तुझ्या मामीने केलेला आहे. शिवपुरीला चहा प्यायचा, आणि पेला खाली ठेवला की गाडीत हिंदी बंद. भूक लागली तरी मराठीत लागली पाहिजे. कारण मामीच्या मते कुळदेवीला हिंदी येत नाही, आणि आयत्या वेळी तिच्यापुढे तोंडातून भलतेच निघाले तर घराण्याची लाज जाईल. टोपी बाजारातल्या दुकानदाराला हिंदीत रडवणारी ही बाई, पण उंबरठ्याच्या आत उभ्या संसारात माझ्याशी हिंदीचा एक शब्द बोललेली नव्हती. भांडणसुद्धा मराठीत. ती हट्टी आहे एवढेच कारण मी धरून चाललो होतो.

आजवर या रस्त्यावर ऐकायला मामीच असे. शिवपुरीला तिने सुरुवात केली की तुळजापूरचा कळस दिसेपर्यंत गाडीत दुसऱ्याचा आवाज नाही, आणि चालवणाऱ्याला डुलकी लागण्याची सोय नाही. यंदा मात्र समरजीत म्हणाला की आईच्या गोष्टी पाठ झाल्या, या वेळी चांगले एंगेजिंग पॉडकास्ट लावू. मामी म्हणाली, "लावा की, माझ्या घशाला आराम." (बायको असे म्हणते तेव्हा काय समजायचे असते, ते तुला लग्न झाल्यावर कळेल.) अट एकच, पॉडकास्ट मराठी हवा.

मग आम्ही शोधू लागलो. पहिल्यात एक गृहस्थ पहाटे उठून आयुष्य कसे जिंकावे ते सांगत होते. आम्ही तेव्हा भर दुपारी गुना शहराच्या पुढे कांद्याच्या ट्रकमागे अडकलो होतो. दुसऱ्यात दोघेजण मिसळीच्या तर्रीवर इतका वेळ बोलले की डब्यातल्या पुऱ्या आम्हालाच परक्या वाटू लागल्या. तिसरा खुनाचा होता आणि तो ऐन बिजासन घाटात लागला. मामीने दारे आतून लावून घेतली आणि ढाब्यावर कोणालाही उतरू दिले नाही. माझ्या वयाच्या माणसावर त्याचे काय परिणाम होतात, ते पत्रात लिहिण्यासारखे नाहीत. चौथ्यात मधाळ आवाजाची एक बाई म्हणाली की आता डोळे अलगद मिटा आणि सगळा भार सोडून द्या. समरजीत लहानपणापासून आज्ञाधारक. मामीने मागून टपली मारली नसती तर आमची बातमी तुला वर्तमानपत्रातून कळली असती. पाचवा इतिहासाचा. त्यात कोणी पोरगा आमचे पूर्वज पानिपतावर कुठे कुठे चुकले ते समजावू लागला. मी त्याला उत्तर दिले. तो थांबेना, मीही थांबेना. शेवटी सोनिका म्हणाली, "पापाजी, त्याच्यापर्यंत आपली आवाज नाही जात."

तेव्हा, धुळ्याच्या अलीकडे, मला तुझी आठवण झाली. (बुद्धी फिरायची असली की अशीच फिरते.) निघण्याच्या आदल्या दिवशी तू घरच्या ग्रुपवर तुझा नवा पॉडकास्ट पाठवला होतास, "मामा, गाडीत नक्की ऐका!" गणपतीत तू आमच्याकडे आला होतास, मामीपुढे तो टोपडे घातलेला माईक ठेवला होतास आणि दुपारच्या दुपार तिला बोलते केले होतेस. मला खोलीबाहेर बसवले होतेस, कारण पंख्याचा आणि मामाचा आवाज मध्ये येतो. आठवणी जपून ठेवायला हव्यात मामी, असे तू म्हणाला होतास. ती तेव्हापासून वाट पाहत होती रे. मी तुझे नाव काढताच तिने मागच्या सीटवर बसल्या बसल्या पदर सारखा केला. ऐकायचे होते, दिसायचे नव्हते, तरीही केला.

"ग्वाल्हेरची मामी: हसून लोळाल!" हे तुझ्या भागाचे नाव. मामी एक वाक्य बोलते, मागे हशा पिकतो, आणि मग तू तेच वाक्य लोकांना मराठीत सांगतोस. मराठीचे मराठीत भाषांतर करणारा आपल्या घराण्यातला तू पहिलाच. मामी म्हणाली, "सासूबाई दवाखान्यात भर्ती होत्या." हशा. लगेच तू, "म्हणजे मंडळी, आजी हॉस्पिटलमध्ये ॲडमिट होत्या." अरे गाढवा, यात मराठी कुठले ते मला बोट ठेवून दाखव. तिने शब्द शेजारच्या घरातून आणला, तू साता समुद्रापलीकडून आणलास, आणि हसायचे मात्र तिला! तुझी आई हेच मराठी बोलत या लष्कर भागात लहानाची मोठी झाली. तिच्यावर भाग कधी काढतोस?

समरजीत पहिल्या हशाला हसला. मग त्याने आरशात मागे पाहिले आणि आवाज कमी केला. मी बंद कर म्हणालो, तर मामी म्हणाली, "चालू दे. ऐकते आहे मी." आणि मग ती दवाखान्याची गोष्ट पुढे गेली, जी मीही कधी ऐकली नव्हती. माझी आई, म्हणजे तुझी आजी, शेवटची आजारी होती तेव्हा मी नोकरीपायी जबलपूरला होतो आणि पोहोचलो तो सगळे आटोपल्यावर. तिच्याजवळ मामी एकटी. डॉक्टर हिंदी, नर्स हिंदी, शेजारची खाट हिंदी. आई म्हणाली, "सुलू, कान शिणले गं. तू मराठीत बोलत राहा, काहीही बोल." आणि ही बोलत राहिली. भाजीचे भाव, शेजारणींची भांडणे, कोणाच्या लग्नात कोण रुसले, तोंडाला येईल ते. "मग सासूबाईंनी माझा हात धरला आणि म्हणाल्या," एवढे मामीच्या आवाजात ऐकू आले, आणि गादी आली. पाठदुखीवर रामबाण, दोन उशा मोफत. गादी संपली तेव्हा तू ग्वाल्हेरच्या तिळगुळाच्या गजकबद्दल बोलत होतास.

मी मागे वळून विचारले, आई काय म्हणाली गं? खिडकीबाहेर पाहत ती म्हणाली, "कुछ नहीं।"

तिथून पुढे गाडीत पॉडकास्ट नाही आणि मामीही नाही. तुळजापुरात पुजाऱ्याने नाव, गाव विचारले तर तुझी मामी दोन पावले मागे सरली. वर्षानुवर्षे ज्या घटकेसाठी ती आम्हाला शिवपुरीपासून तालीम द्यायची, त्या घटकेला ती देवीपुढे तोंड मिटून उभी होती. सोनिका पुढे झाली. म्हणाली, "आम्ही ग्वाल्हेरहून आलो. सासूबाईंची तब्येत जरा खराब आहे, त्यांच्यासाठी पण प्रार्थना करून द्या." शब्द न् शब्द सासूकडून उचललेला. पुजाऱ्याने मान डोलावली, ओटी घेतली, अंगारा दिला. मध्ये कोणी भाषांतर केले नाही आणि कोणी हसले नाही. परतताना समरजीत म्हणाला, "आई, झोप येते आहे, काही सांग ना." तर उत्तर आले, "गाड़ी रोक लो, चाय पी लो।"

आता घरात मला "खाना लग गया" ऐकू येते. वरण तेच आहे, चवही तीच आहे, पण घशाखाली उतरत नाही. मला तुझा राग आला आहे, मोहित, आणि तो उतरणाऱ्यातला नाही. लोक तुला प्रतिसादात लिहितात की मामी किती गोड आहेत, ऐकताना रस्ता कसा संपला कळलेच नाही. त्यांचा रस्ता संपला हे बरे झाले. आमचा अजून चालूच आहे.

नात्याने अजूनही तुझाच, नाइलाज आहे,
कान्होजीमामा

ता. क. दरवर्षी थंडीत तुला गजक पाठवतो. यंदा पाठवत नाही. त्याविषयी तुला पुष्कळ माहिती आहे, तीच खावी.

ता. क. दुसरा. तो भाग काढून टाक, असे सांगायला मी एवढे लिहिले असे समजू नकोस. राहू दे तो, लोळू देत लोकांना. माझे काम निराळे आहे. माझी आई शेवटी काय म्हणाली, हे दोन ठिकाणी आहे. एक तुझ्या मामीजवळ, ती सांगत नाही. दुसरे तुझ्या मशीनमध्ये. गादीसाठी जागा करताना जो तुकडा कापलास, तो फेकला नसशील तर मला पाठव. हशा नको, तबला नको, आणि मराठीत समजावून सांगायची तसदी घेऊ नकोस. मला ते मराठी समजते.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवण्यापूर्वी हे पत्र तुझ्या मामीला वाचून दाखवले. तिने सगळे ऐकून घेतले, गादीच्या ओळीपाशी डोळे पुसले आणि म्हणाली, "रहने दीजिए।" तू राहू देऊ नकोस.