काठी पडली की मशीन थांबलं पाहिजे

मी, वेंकूबाई सीतारामराव, वय वर्षे त्र्याहत्तर, राहणार राजवाड्यामागची गल्ली, तंजावूर, हे मृत्युपत्र आपल्या हाताने लिहिते. बुद्धी शाबूत आहे. डावा गुडघा नाही, पण वकील म्हणाले, गुडघ्याचं लिहायची गरज नाही. कोणी मला धाक घातलेला नाही. गेल्या शुक्रवारपासून या घरात जो काही धाक घातला गेला तो मीच घातला, आणि त्यामुळे प्रकृती फार सुधारली आहे.

शाळा माझी तिसरीपर्यंत, तीही तमिळमध्ये. ही बाळबोध अक्षरं सासऱ्यांनी शिकवली, आम्ही विणलेला नाडा कोणाला किती द्यायचा ते लिहून ठेवायला घरात कोणी हवं होतं म्हणून. चुका असतील त्या दुरुस्त करू नयेत, त्या माझ्याच आहेत.

हे कागद गुंडाळून नाड्याने बांधले आहेत. गाठ माझा मुलगा गिरीश यानेच सोडावी. कात्री, ब्लेड, दात काही लावायचे नाही. मग वादिराज मास्तरांनी सर्वांसमोर मोठ्याने वाचावे, कारण गिरीशला बाळबोध येत नाही. तमिळमध्ये लिहिलं असतं तर त्याने शेवटचं पान आधी वाचलं असतं.

आणि हे येत्या रविवारी वाचावे. मी मेल्यावर वाचलं तर गिरीशचं तोंड मला कसं दिसणार? वकील हसले. म्हणाले, "अम्मा, लागू मेल्यावरच होईल. वाचायला मात्र कायदा आडवा येत नाही." तेव्हा मी ऊंजलावर बसून झोके घेत ऐकणार आहे. कॉफी कडक करावी.

कलम पहिले. पुढच्या तिण्णैपासून, म्हणजे ओट्यापासून, मागच्या विहिरीपर्यंत सबंध घर, मशीनच्या शेडसकट, माझी नात, म्हणजे गिरीशची मुलगी, लावण्या हिला दिले आहे. तिच्या आईबापांनी तिथे राहावं, पण तिला विचारून. विचारायची सवय गिरीशला नाही. ती आता लागेल.

कलम दुसरे. तिरुवैयारुजवळची नारळाची अठरा झाडे गिरीशला. नारळ आपल्या वेळेला पडतो, कोणी ओरडलं म्हणून लवकर पडत नाही. तिथे बसून त्याने हवी तेवढी घाई करावी.

कलम तिसरे. पोस्टात जे आहे ते सूनबाई जयलक्ष्मीला. ती गप्प असते. गप्प बायकांच्या हातात काहीतरी असावं लागतं, मुसळ नसेल तर पासबुक.

कलम चौथे. नाडा विणायची सात मशीनं. यातली तीन चालू आहेत, चार बंद. बंद म्हणजे मी फोडली. का फोडली ते सांगितल्याशिवाय हे कलम समजणार नाही, म्हणून लिहिते. वादिराज मास्तर, इथे पाणी प्या.

ज्याने हे मशीन पाहिलं नाही त्याच्यासाठी आधी सांगते. एक लोखंडी गोल परात असते, तिच्यात आठाच्या आकड्यासारख्या खाचा. त्या खाचांतून सोळा बॉबिनी धावतात, आठ इकडून, आठ तिकडून, एकमेकींच्या पुढून मागून, आणि वर मधोमध नाडा विणत जातो. आमच्याकडे नवरात्रात पोरी पिन्नल कोलाट्टम खेळतात तसंच. वरून टांगलेल्या दोऱ्या, एकेकीच्या एका हातात एक दोरी, दुसऱ्या हातात काठी. पोरी नाचत फिरल्या की दोऱ्यांची वेणी पडते, उलट फिरल्या की सुटते. म्हणून आमच्या घरी बॉबिनींना पोरीच म्हणतात. "तिसरी पोर अडली," "सातव्या पोरीचं सूत संपलं," असं.

मी लग्न होऊन आले तेव्हा घरात एकच मशीन होतं आणि त्याच्यावर थोरल्या दिरांचं, अनिरुद्धरावांचं राज्य. भावोजींचा नियम असा की धागा तुटला तरी मशीन थांबवायचं नाही. चालत्या पोरींमध्ये हात घालायचा, टोक पकडायचं, गाठ मारायची, हात काढायचा. ज्याला जमलं तो कारागीर. आमच्या ह्यांना चार वर्षं जमलं. पाचव्या वर्षी डाव्या हाताची दोन बोटं गेली. बोटं नाड्यात विणून वर आली. भावोजींनी तेवढा तुकडा कापून टाकला, परात पुसली आणि पट्टा परत चढवला. म्हणाले, "आठ बोटांनी जेवता येतं."

आता १९७२ सालची आयुधपूजा. त्या दिवशी हत्यारं, यंत्रं धुवून चंदन-कुंकू लावायचं आणि मग दिवसभर त्यांना हात लावायचा नाही, हे तंजावुरात रिक्षावाल्यापासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक. भावोजींना दुसऱ्या दिवशी माल पोचवायचा होता. कुंकू ओलं होतं तोवर त्यांनी मशीन सुरू केलं.

माझी नणंद सुप्रभा तेव्हा पंधरा वर्षांची. कोलाट्टम खेळून आली होती, रेशमी पावडा म्हणजे परकर, गुडघ्यापर्यंत वेणी, वेणीच्या टोकाला कुंजलम्, तीन गोंडे, आमच्याच घरी विणलेले. शेडच्या दारात उभी राहून म्हणाली, "अण्णा, पूजेला चल ना, आरती थांबलीय."

"आधी ती पाचवी पोर बघ, धागा तुटलाय. गाठ मार."

ती वाकली. गोंडे आधी गेले, मग वेणी. मशीनला केस काय आणि सूत काय.

मी मागे अंगणात तांदूळ कांडत होते. ओरडणं ऐकलं, मुसळ हातात होतं तशीच धावले. कानापासून माथ्यापर्यंत डोक्याची कातडी केळ्याच्या सालासारखी निघाली होती. पांढरा नाडा काळा-लाल होऊन वर चढतच होता. मी मुसळ पट्ट्यात खुपसलं. पट्टा तुटला, मशीन थांबलं.

भावोजींनी पहिलं काय केलं असेल? माझ्या थोबाडीत मारली. "पट्टा तोडलास! मशीन का थांबवलंस? उद्या माल तुझा बाप देणार?" पोर अजून मशीनला लटकलेली होती.

मग मी मुसळ फिरवलं. खांद्याचं हाड मोडतं तेव्हा वाळकी झावळी मोडल्यासारखा आवाज येतो. दुसरा फटका गुडघ्यावर, तिसरा चुकला आणि भिंतीचा पोपडा पडला. चौथ्याला सासऱ्यांनी मला मागून धरलं. मला फार आनंद झाला होता. आजही आठवलं की होतो. देवासमोर कबूल केलं आहे, देव काही बोलला नाही.

सुप्रभाची वेणी कात्रीने कापून तिला सोडवली. जगली. पण बाहेर काय सांगायचं? पोरीचं लग्न व्हायचं, घराचं नाव जायचं. सगळ्यांनी मिळून ठरवलं, तापात केस गेले म्हणायचं. लग्न काही झालं नाही, ताप मात्र घरात राहिला. पुढे गिरीश झाला तेव्हा तिनेच मला शपथ घातली. "वैनी, याला सांगू नकोस. माझ्याकडे बघताना त्याला मशीन दिसायला नको."

गिरीश, वर बघ. तुझी आत्या पन्नास वर्षं डोक्यावरून पदर घेते ती तापामुळे नाही.

मशीन सुधारायची अक्कलही तिचीच. दोन महिने झाले होते, डोक्याला फडकं, मी भात भरवत होते. एकदम म्हणाली, "वैनी, कोलाट्टममध्ये एखादीची दोरी सुटली तर ती काठी खाली टाकते. आवाज झाला की अस्क, सगळाच खेळ थांबतो. मशीनला काठी का नाही?"

आमचे हे जेवणावरून उठले आणि तसेच सायकल दुरुस्तीवाल्या कृष्णस्वामीकडे गेले. दोन वर्षं लागली. प्रत्येक पोरीच्या धाग्यावर बोटाएवढी लोखंडी काठी टेकवली. धागा ताठ असेतो काठी वर. धागा तुटला की काठी खाली, खालच्या कड्यावर आपटते, कडं खिटी ओढतं, पट्टा मोकळ्या चाकावर सरकतो, मशीन उभं. ऐकायला सोपं. पहिल्या काठीने उडून कृष्णस्वामीचा दात पाडला. दुसरीने खिडकी फोडली. वर्षभर आम्ही मशीनमध्ये भोपळे, शेवग्याच्या शेंगा, केळीचे खुंट घालत होतो, आणि जे जे चिरडलं त्याचं सांबार करत होतो. शेवटी एक दिवस मी माझी वेणी कापली, बांबूला बांधून आत घातली. अर्धा फेरा, केसांनी धागा तोडला, आणि खट्! मशीन थांबलं. कृष्णस्वामी नाचला. कोइम्बतूरच्या मोठ्या मशीनवर असं काही असतं म्हणे. आम्हाला कोणी सांगितलं होतं?

दुसरी सुधारणा उलट्या दांड्याची. वरची ओढ सोडायची आणि हाताने दांडा उलटा फिरवायचा. पोरी उलट नाचतात, वीण सुटत जाते. त्या दिवशी हा दांडा असता तर कात्री लागली नसती.

भावोजी तोवर एका खांद्याने तिरके चालत. एकदा म्हणाले, "दिवसातून दहादा थांबतंय हे." मी नुसतं मुसळाकडे पाहिलं. त्यानंतर पुढची बारा वर्षं त्यांनी तक्रार केली नाही, मग वारले. त्यांचा फोटो भिंतीवरून काढून खिळा ठेवावा, खिळा चांगला आहे.

आता चूक माझी लिहिते. काठी कशाला, असं गिरीशने लहानपणी विचारलं तेव्हा मी सांगितलं, सूत वाया जाऊ नये म्हणून. शपथ होती, काय सांगणार? तो तेच धरून मोठा झाला. गेल्या महिन्यात म्हणाला, "अम्मा, सूत स्वस्त झालं, वेळ महाग झालाय." चार मशीनच्या काठ्या त्याने तांब्याच्या तारेने वर बांधून टाकल्या. मी ओरडले, तर म्हणाला, "तुझ्या काटकसरीचा जमाना गेला." माझ्याच खोट्याने मला थोबाडीत मारली.

शुक्रवारी, सात तारखेला, सकाळी लावण्या तिसऱ्या मशीनशी वाकली. तिथली तार तिने आदल्या दिवशी बापाच्या चोरून काढली होती. पोर पॉलिटेक्निकला शिकली आहे, मशीनचं तोंड ओळखते. वेणीत मल्लीचा गजरा होता. आधी गजरा गेला.

खट्!

अर्धा फेरा. मूठभर केस, कानामागे रक्त, परातीत मल्ली चिरडलेली. मी मधल्या घरातून आले तोवर सुप्रभा पोचली होती. सदुसष्ट वर्षांची बाई, पदर खांद्यावर पडलेला, डोकं उघडं, दोन्ही हातांनी दांडा उलटा फिरवत होती. वीण सुटत गेली, केस सुटत गेले. ती मोजत होती, कोलाट्टमचे ठेके, एक दोन तीन चार.

गिरीश बाहेरून आला. "मशीन का थांबलं? तार कोणी काढली?"

तेच वाक्य. तोच गळा. पोरीकडे त्याने नंतर पाहिलं.

मुसळ कोपऱ्यातच असतं. पोटरीवर दोन आणि पाठीवर एक दिला. हातांना मुद्दाम लावलं नाही, हातांचं पुढे काम होतं. "अम्मा, वेड लागलं का तुला?" म्हणत तो तिण्णैपर्यंत लंगडत पळाला. आजही लंगडतो. नंतर ह्यांचा मोठा हातोडा काढला आणि तार असलेल्या तीन मशीनची पट्ट्याची चाकं फोडली. चौथं फोडलं ते लावण्याला सोडणारं तिसऱ्या नंबरचं मशीन, ते निर्दोष होतं, पण तोवर मी रंगात आले होते. लावण्या कानाला फडकं धरून म्हणते, "पाट्टी, बिडाचं चाक असं फुटत नाही, कडेला मार." ही माझी नात.

त्याच दुपारी सुप्रभा म्हणाली, "वैनी, शपथ सुटली. लिही."

तर कलम चौथे असे की, सातही मशीनं लावण्याची. ती काठीच्या जोडीला दिव्याचा डोळा बसवणार आहे, धागा दिसला नाही की थांबवणारा. बसव. पण काठी काढू नकोस. डोळ्यात सुताची धूळ जाते. वजन आंधळं असतं, तरी पडतं. चाकं नवी आणावीत. तीन मशीनवरच्या तारा मात्र मी तशाच ठेवल्या आहेत, त्यांना दुसऱ्या कोणी हात लावू नये.

गिरीशला मशीनं हवी असतील तर अट एक. काठी बांधलेल्या चालत्या मशीनवर त्याने उजवा हात ठेवावा, सुप्रभा दहापर्यंत मोजेल. हात राहिला तर सातही मशीनं त्याची. वकील म्हणाले, "अम्मा, हे कलम कोर्टात टिकणार नाही." मी म्हटलं, हातही टिकणार नाही.

कलम पाचवे. मुसळ लावण्याला. तेल लावून ठेवावे.

कलम सहावे. सुप्रभाला मी काही देत नाही, कारण जिला द्यायचं तिने साक्षीदार होऊ नये असं वकील म्हणतात. ती म्हणाली, "मग मला साक्षीच होऊ दे. त्या दिवशी मला कोणी विचारलं नव्हतं." तिची खोली कोणती ते लावण्याला ठाऊक आहे.

कलम सातवे आणि शेवटचे. गिरीश, ज्या नाड्याची गाठ तू सोडलीस तो खाली ठेवला असशील. उचल. दीड हात आहे. मधे काळा दिसतो तो रंग नाही. त्यात सोळा धागे आहेत आणि तुझ्या आत्याचे केस. बावन्न वर्षं माझ्या पेटीत होता. तो तुला दिला.

तुझ्या वडिलांना ही गाठ सुटली नसती, आठ बोटांनी ती सुटत नाही. तुझी दहा आहेत. आता त्याच दहांनी शेडमध्ये जा आणि बांधलेल्या तिन्ही तारा सोड. पक्कड घ्यायची नाही. आम्ही इथून मोजतो.

स्थळ तंजावूर, गुरुवार, १३ फेब्रुवारी २०२५.

सही: वेंकूबाई सीतारामराव

साक्षीदार पहिला: वादिराज, निवृत्त शिक्षक, शेजारचे घर. माझ्यासमोर सही केली, हसत केली.

साक्षीदार दुसरी: सुप्रभा. कागदाला नाडा मीच गुंडाळला, गाठ मीच मारली. घट्ट आहे, पण सुटते.