गेममधील चित्रांचे वर्गीकरण

४ नोव्हेंबर, मंगळवार

संगणक म्हणतो, जागा शिल्लक नाही. घरात दोन माणसं, त्यातला एक सेवानिवृत्त — जागा खाल्ली कुणी? शोध घेतला. फोल्डरमध्ये फोल्डर, त्याच्या आत आणखी एक, आणि त्यात अकरा हजार सहाशे चाळीस चित्रं. सगळी कुठल्याशा गेममधली. डोंगर, होड्या, कोंबड्या. स्क्रीनशॉट म्हणतात याला. एकालाही धड नाव नाही. नुसते आकडे!

चौतीस वर्षं कार्यालयाची रेकॉर्ड रूम सांभाळली. एक कागद इकडचा तिकडे झाला नाही. आणि माझ्याच घरात हा उकिरडा.

५ नोव्हेंबर, बुधवार

मुलीला फोन केला. चित्रं तिचीच असणार, लग्नाआधीची. "बाबा, मी जन्मात गेम खेळले नाहीये. आणि तू ते आवरायला घेऊ नकोस." का नको? "उगाच. राहू दे ना."

मग हिला विचारलं. ही शाळेतल्या उत्तरपत्रिका तपासत बसली होती. "असतील कुणाची तरी," म्हणाली आणि समोरच्या पोराला नापास केलं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

वर्गीकरण सुरू. विभाग ठरवले — स्थावर (घरं, पूल, विहिरी), जंगम (होड्या, गाड्या), पशुपक्षी, निसर्ग, संकीर्ण. घोडा जंगम की पशू, यात अख्खी सकाळ गेली. शेवटी असं ठरवलं : पाठीवर स्वार असेल तर जंगम, मोकळा असेल तर पशू. हा निर्णय ऐकवायला जवळ कुणी नव्हतं, याचं वाईट वाटलं.

संकीर्णमध्ये आतापर्यंत सात हजार.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

ही म्हणते, "अहो, जरा फिरायला जा की." गेलो नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

'निसर्ग' हातात घेतलं. समुद्राकाठचा एक कडा, त्यावर दोन माणसं बसलेली, समोर सूर्य बुडतोय. हेच चित्र दोन हजार तीनशे वेळा! तोच कडा, तीच दोघं, तोच सूर्य. नमुन्यादाखल एक ठेवलं, बाकीची कचरापेटीत. संगणकाने विचारलं, नक्की ना? इतक्या अदबीने कार्यालयात मला कुणी कधी विचारलं नव्हतं.

जेवताना हिला सांगितलं, दोन हजार तीनशे निकाली काढली. हिचा घास हातातच राहिला.

"कुठली?"

"कड्यावरची. सगळी सारखीच होती."

"सारखी होती," ही म्हणाली, आणि ताट घेऊन आत गेली.

९ नोव्हेंबर, रविवार

ही बोलत नाही. सकाळपासून एक शब्द नाही.

नमुन्याचं चित्र मोठं करून पाहिलं. दोघांच्या डोक्यांवर नावं आहेत. एक 'तायडी', दुसरा 'पाहुणा'. तळाशी बारीक अक्षरांत ओळी. मराठीच, पण रोमन लिपीत. शुद्धलेखनाचा खून. भिंग आणलं.

पाहुणा : गुडघा कसा आहे?

तायडी : चाललंय. शाळेत जिने फार.

हिचा गुडघा दुखतो हे मला ठाऊक नव्हतं. आणि हिला तायडी म्हणणारा माणूस जगात एकच आहे — हिचा धाकटा भाऊ.

कचरापेटी उघडली. सगळी चित्रं परत घेतली. या वेळी संगणकाने काही विचारलं नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

हिची शाळा सकाळची. ही गेल्यावर वाचायला बसलो. तारखेनुसार, त्यामुळे वर्गीकरण मोडीत.

पाच वर्षं. रोज दुपारी दोन ते चार, मी कार्यालयात असताना. दोघं आपापल्या घरी बसून गेममध्ये मिळून घर बांधतात, होडी बुडवतात, कोंबड्या पाळतात. मग सूर्य खाली आला की कड्यावर बसून बोलतात. फोन का करत नाहीत? तेही एका चित्रात सापडलं. 'फोनवर तू रडतेस. इथे रडलीस तरी दिसत नाही.'

माझा उल्लेख वारंवार. मला 'साहेब' म्हणतात. 'आज साहेबांनी मसाल्याच्या डब्यांना क्रमांक दिले.' त्यावर त्याचं उत्तर — 'आवक की जावक?' दुपारपर्यंत असे एकशे बारा उल्लेख मोजले. त्यांचा वेगळा फोल्डर करावा, असं मनात आलं. केलाही. मग मोडला.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आता हे लिहायलाच हवं. सात वर्षांपूर्वी त्याची नोकरी गेली आणि तो आमच्याकडे राहायला आला. चार महिने झाले. एकदा जेवताना मी विचारलं, पाहुणा किती दिवस पाहुणा असतो, याचा काही नियम आहे का? मी फक्त नियम विचारला होता.

तो हसला. स्वतःचं ताट धुऊन ठेवलं आणि संध्याकाळच्या गाडीने गेला. त्यानंतर या घरात त्याचं नाव निघालं नाही. मला वाटलं, हीसुद्धा विसरली.

फक्त नियम विचारला होता. काल हे वाक्य मनात चारपाचदा म्हणून पाहिलं. पूर्वीसारखं बसत नाही.

मधली सोडून शेवटचं चित्र आधी उघडलं. ऑगस्टच्या अखेरच्या शुक्रवारचं. दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. तेव्हा कार्यालयात माझा निरोप समारंभ चालला होता. भिंतीवरचं घड्याळ भेट देत होते.

पाहुणा : आता कसं?

तायडी : आता ते घरी असतील. दिवसभर.

पाहुणा : मी येऊन बसत जाईन. तुला जमेल तेव्हा ये.

अडीच महिने झाले त्याला.

१२ नोव्हेंबर, बुधवार

ही शाळेतून आल्यावर म्हणालो, "उद्यापासून दोन ते चार मी घरी नसेन."

"कुठे जाणार?"

"काम आहे."

"तुम्हाला कसलं काम?"

प्रश्न रास्त होता. मग सांगून टाकलं, चित्रं परत आणलीत, एकही गेलेलं नाही. हिने शाळेची पिशवी खाली ठेवली.

"वाचलीत?"

"हो."

"सगळी?"

"एक वर्ष राहिलंय अजून."

हिला हसू आलं. हसता हसता पदराने डोळे टिपले. "डब्यांचं वाचून राग आला असेल ना?"

"नाही. 'आवक की जावक' चांगलं होतं," मी म्हणालो. खरंच चांगलं होतं. त्याला कधी कळवता येईल असं वाटत नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

दोन वाजता चप्पल घातली. ही म्हणाली, "थांबा." गेम सुरू केला. कड्यावर तो बसलेलाच होता. लगेच अक्षरं आली — तायडे, आलीस! ही खुर्चीवरून उठली. "बसा. आज तुम्हीच बोला त्याच्याशी."

एका बोटाने लिहिलं : तायडी नाही. मी आहे.

कड्यावरचा पाहुणा जरा बाजूला सरकला. मग अक्षरं आली — बसायला डावीकडचं बटण दाबा, भावोजी.