मिटल्या डोळ्यांची बाहुली

नेपल्स, १८ नोव्हेंबर १९८६

चि. लोरेदाना हिस आत्याचे अ. आ. वि. वि.

नाताळच्या गोठ्यांची, येशूजन्माच्या देखाव्यांची, घाई उडाली आहे. मेंढपाळांशेजारी तुझ्या साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावरचे मंत्री अन् बँकवाले मातीत घडवून मांडतेय. यंदा अर्थमंत्र्यांच्या पोटाला माती पुरेना!

काल एका सभ्य गृहस्थांनी चक्क तुझी बाहुली घडवायला सांगितली. मी हरखलेच. आमच्या बाहुलीवाल्यांच्या गल्लीत घडवतात ती नावाजलेली माणसं. तुझं तर लेखाखाली नावही नसतं. दिलेल्या फोटोत तू गाढ झोपली आहेस, मी भरतकाम करून दिलेल्या उशीच्या अभ्र्यावर. डोळे असेच मिटलेले हवेत, म्हणाले. फोटो कुणी गं काढला? लग्नाचं काही असेल तर आधी मला कळव, लबाडे.

वेळेवर जेवत जा.

तुझी,
फिलोमेनाआत्या

रोम, २१ नोव्हेंबर

ती. आत्यास सा. न. वि. वि.

आत्या, मी एकटी राहते. खोलीची किल्ली माझ्याखेरीज कुणाकडे नाही.

मी बँकवाल्या दे बार्तोलिसवर लिहितेय. त्याने पोसलेल्या मंत्र्यांचे कागद हाती आलेत. संपादक आणि मी सोडून हे कुणालाच ठाऊक नाही. संपादक म्हणतात, भीती वाटत असेल तर लेख मागे घे. घेऊ का? तू म्हणशील तसं करीन. ती बाहुली मात्र देऊ नकोस.

तुझीच,
लोरे

नेपल्स, २४ नोव्हेंबर

चि. लोरे, उदंड आयुष्याचा आशीर्वाद.

ते आले होते. बाहुली देणार नाही म्हटलं, तर हसले. म्हणाले, न्यायची नव्हतीच. दर्शनी ठेवा, लोकांना आधीपासून चेहरा ओळखीचा होऊ दे. आवाज किती गोड! शाळेत सिस्टर सांगायच्या, परक्या पुरुषासमोर नजर खाली ठेवावी. मी ठेवली. आता त्यांचा चेहराच सांगता येत नाही.

लेख मागे घे, असंच लिहायला बसले होते. पण घेतलास, तरी ज्याने तुला झोपेत पाहिलं त्याच्याकडची किल्ली काही परत येत नाही. म्हणून बाहुली फोडली आणि गल्लीभर सांगत सुटले, माझी भाची दे बार्तोलिसवर लिहितेय; तुला काही झालं तर कुणाकडे बोट दाखवायचं, हे सगळ्यांना ठाऊक असू दे. आता दुकानादुकानात तू उभी आहेस, टक्क उघड्या डोळ्यांची, हातात लेखणी. शेजारच्या चिरोने तुला माझंच नाक चिकटवलंय, मेल्याने.

लेख छाप. खाली ठळक नाव घाल. आणि छापून येईपर्यंत रोज संध्याकाळच्या गाडीने इथे झोपायला ये. मी उशाशी जागी बसेन.

लोभ आहेच, तो घ्यायला ये.

तुझी,
आत्या