नखं कापून या

प्रिय अहो,

'प्रिय' लिहिताना हात अडखळला, तरी लिहिलंय. फोनच केला असता, पण तुम्ही फोन स्पीकरवर टाकता आणि शेजारी तुमच्या आई बसलेल्या असतात. सोपानदादा कांदा घेऊन तुमच्या मंचरला निघालाय, त्याच्याकडे ही चिठ्ठी दिलीय. एकट्यानं वाचा.

बारशाला काय केलंत, आठवतंय का? इंद्रायणी भुकेनं कासावीस झालेली, मी आतल्या खोलीत तिला नुकतंच पाजायला घेतलेलं. बाहेर अश्विनीवन्सं, आत्या म्हणून कानात नाव सांगायला खोळंबलेल्या. फोटोवाला घाई करतोय, म्हणून तुम्ही तरातरा आत आलात आणि पोरीला सरळ ओढून घेतलंत! बोंड तिच्या हिरड्यांत तसंच अडकलेलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले माझ्या. बाहेर वन्संच्या पाठीत धपाटे घालून सगळे हसत होते आणि आत मी तोंडात पदर कोंबून रडत होते.

तेव्हा पडलेली चीर अजून भरली नाही. पोर तोंड लावते आणि मला ब्रह्मांड आठवतं. वर तुमच्या घरून निरोप काय, तर 'आरतीला दूधच नाय, पावडरचा डबा चालू करा!' अहो, दूध लई आहे! ब्लाऊज भिजतोय माझा. तुम्ही पाठवलेला डबा सोपानदादाबरोबरच परत धाडलाय, न फोडता.

दवाखान्यात सिस्टरनी आपल्या दोघांना दाखवलं होतं. तुम्ही तेव्हा मोबाईलवर कांद्याचा भाव बघत होतात. आता वाचा. बाळाचं पोट माझ्या पोटाला, नाक बोंडासमोर. तिनं जांभईएवढा आऽ केला की जवळ घ्यायचं. नुसतं बोंड नाही, भोवतीचा काळा भागही तोंडात जायला हवा, हनुवटी टेकलेली. सोडवताना ओढायचं नाही. ओठांच्या कोपऱ्यातून करंगळी हळूच हिरड्यांमध्ये सारायची, पकड सुटली की मग उचलायचं. एवढंच! एवढ्यासाठी माझी ही दशा.

रविवारी आम्हाला न्यायला येताय म्हणे. या, पण लगेच गाडीत बसणार नाही मी. आधी चार दिवस इथं पिंपरी पेंढारला, माझ्या माहेरी राहा, पोरीला अंगाला लावायला आणि सोडवायला शिका. तुमच्या घरात उद्या कुणी तिला माझ्यापासून ओढायला लागलं, तर आडवा येणारा एक माणूस मला हवाय. तो तुम्हीच हवात. जमणार नसेल तर गाडी रिकामी न्या.

आणि येताना नखं कापून या. करंगळीचं आधी.

अजून तरी तुमचीच,
आरती