धाकटीची किडनी

४ जानेवारी

शिलाई मशीनचं पेडल पायाखाली आहे की नाही, तेच कळेना आज! मशीन सुसाट सुटलं आणि गिऱ्हाइकाच्या कोटाची बाही खिशाला शिवली गेली. उसवत बसले. हे म्हणाले, "पायात खिळा गेला तरी कळायचं नाही तुला." खरंच आहे. पायांनी केव्हाच अंग काढून घेतलंय. डोळ्यांचं लेसर झालं, आता किडन्या गेल्या. एकट्या साखरेने घर पोखरलं.

७ जानेवारी

डायलिसिस. थकले.

९ जानेवारी

पुन्हा डायलिसिस. शेजारच्या पलंगावरचे मास्तर म्हणाले, "बाई, आपण नळाला जोडलेली माणसं. पण पाणी मात्र मोजून घोटभरच!" सगळे हसले. मीही हसले. घरी येऊन भाताला फोडणी घालायचंही त्राण नव्हतं. यांनीच केलं. करपवलं.

१३ जानेवारी

धाकटी बहीण आली. शाळेची बस चालवते, त्यामुळे घरातही हॉर्न वाजवल्यासारखीच बोलते. चप्पल काढता काढता म्हणाली, "माझ्याकडे दोन आहेत. एक घे."

जशी काही वाटीभर साखर उसनी देतेय!

नको म्हटलं. तुझी मुलं, तुझी नोकरी... तर म्हणे, "ताई, जन्मभर तुझंच ऐकलं. आता पुरे!" हे स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून भांडी घासायला लागले. भांडी घासलेलीच होती.

२० जानेवारी

रक्तगट जुळला!

आशा लावायची नाही असं ठरवलं होतं. पण वाईट असते आशा. दुपारभर एकच चित्र — मी तांब्या तोंडाला लावलाय आणि गटागटा पाणी पितेय. कुणी मोजत नाही.

२८ जानेवारी

लिहवत नाही. तरी लिहिते.

धाकटीच्या पुढच्या तपासण्यांचे निकाल आले. डॉक्टरांनी दोघींना आत बोलावलं, पण बघत होते तिच्याकडेच. "तहान फार लागते का? वजन उतरलंय?"

"बस चालवते हो मी. उन्हातान्हात घसा सुकायचाच."

"तुम्हाला मधुमेह आहे. बराच काळ असावा. तुमची किडनी घेता येणार नाही."

बाहेर बाकावर बसलो. ती म्हणाली, "म्हणजे तुला नाही देता येणार?" स्वतःबद्दल अवाक्षर नाही! आणि मी? माझ्या मनात आधी आलं — गेला माझा तांब्या. तिचा विचार त्यानंतर आला. अशी आहे मी. आजारपण माणसाला किती आपमतलबी करतं!

२९ जानेवारी

काही नाही.

५ फेब्रुवारी

धाकटीने गोळ्या सुरूच केल्या नाहीत. तिच्या नवऱ्याचा फोन आला. "तुम्हीच सांगा ताई. म्हणते, मला काय धाड भरलीय!" पुढच्या तपासण्यांनाही जात नाही. भ्यायलीय. लहानपणी कुत्र्याला भ्यायली की अशीच मोठमोठ्याने गायची.

८ फेब्रुवारी

तिला डायलिसिसला घेऊन गेले. सोबत हवी म्हणून सांगितलं. सुया घालताना तिने मान फिरवली. "बघ," म्हटलं. मग मोजा काढून तळवा दाखवला. बरी न होणारी जखम, काळं पडलेलं बोट. "चिमटा काढ." तिने काढला. मला काहीच कळलं नाही. ती रडायला लागली, पार लहान मुलीसारखी. मास्तरांनी तोंड भिंतीकडे केलं. भले गृहस्थ.

जाताना एवढंच म्हणाली, "उद्या जाते."

१२ फेब्रुवारी

तिचे सगळे निकाल आले. डोळे ठीक. पाय ठीक. "किडन्यांना अजून धक्का लागलेला नाही," डॉक्टर म्हणाले. "वेळेवर सापडलं. एरवी कुणी तपासलं असतं?"

दोन्ही धडधाकट! दोन्ही तिच्याकडेच राहू देत.