लांडग्यांच्या पाळीविषयी माझी अखेरची इच्छा

माझ्या खेळाच्या नियमावर मारलेली लाल रेघ खोडरबराने गेली नाही. पात्याने खरवडली तर कागद फाटू लागला. म्हणून ती तशीच ठेवून मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिते:

मी, घड्याळं दुरुस्त करणारी, वय एकाहत्तर, अविवाहित, कोणाचंही दडपण नसताना हे मृत्युपत्र करते. मन शाबूत आहे. राग आहे, पण राग म्हणजे भ्रम नव्हे, एवढं वकीलबाईंनीही मान्य केलं आहे.

१. घरातला माझा अर्धा हिस्सा आणि बँकेतली शिल्लक धाकट्या बहिणीला. "आठ लांडगे बोलावतेस, पण कचरा खाली न्यायला एकही येत नाही," हे तिचं बोलणं अकरा वर्षं ऐकलं. माफ केलं.

२. दुकानातली लेथ, चिमटे आणि भिंगं भाचीला. विकू नयेत. वापरता येत नसतील तर शिकावं.

३. दर शनिवारी संध्याकाळी दुकानाच्या मागच्या खोलीत भाची खेळ चालवते: फासे, नकाशा, कल्पित साहस. खेळायला आम्ही चौघं, त्यात एक शिंपी आणि एक दंतवैद्य. या खेळासाठी मी 'कळपाला हाक' हा मंत्र रचला. तो म्हणणाऱ्याच्या मदतीला आठ लांडगे येतात. पहिल्या मसुद्यात प्रत्येक लांडग्याला वेगळी पाळी होती. चूक माझी. त्या दिवशी शिंप्याची पाळी यायला चाळीस मिनिटं लागली. तोवर त्याने माझ्या बाहीचं बटण लावून दिलं.

लांडग्याचा चावा किती लागतो हे सगळे मोजतात. बाकीच्यांनी किती वेळ गप्प बसायचं, हे कोणी मोजत नाही. मी घड्याळ लावून मोजलं. सातव्या मसुद्यात नियम ठरला: सगळा कळप एकाच फाशावर चालेल, आणि कळप आहे तोवर बोलावणाऱ्याने स्वतःची पाळी सोडायची.

४. हा नियम आमच्यातल्या दंतवैद्यांनी लाल शाईने खोडला आणि त्या कागदाच्या प्रती हाच खेळ खेळणाऱ्या आणखी तीन टेबलांना वाटल्या. खाली माझं नाव तसंच. दोन टेबलांनी मंत्रच बंद केला. 'बाईंना खेळाचा तोल कळत नाही,' असं तिथे बोललं जातं. पन्नास वर्षं लोकांची घड्याळं वेळेवर आणल्यावर मला हे ऐकावं लागलं.

मी जाब विचारला. म्हणाले, "बाई, मजाच जात होती हो. आठ लांडगे आणून मी काय नुसतं बघत बसायचं?"

"डॉक्टर, आणि आम्ही तुमच्याकडे बघत बसतो त्याचं काय?"

"तुम्ही घड्याळवाल्या. तुम्हाला काय, वेळच वेळ."

शिंपी हसला. मी हसले नाही. खोडायचंच होतं तर नावही खोडायचं होतं.

५. मंत्राची वही, सातही मसुद्यांसह, दंतवैद्यांनाच. चौथ्या मसुद्यात माझी बेरीज चुकली होती, ती त्यांनी पकडली. बाकीच्यांनी न वाचताच छान म्हटलं. अट एकच: खोडलेला नियम त्यांनी स्वतःच्या हाताने पुन्हा लिहून तिन्ही टेबलांना पोचवावा. नाही पोचवला तर बहिणीने वही जाळावी. तिला विचारलं आहे. फारच लवकर हो म्हणाली.

साक्षीदार.
पहिले: शेजारच्या दुकानातले चष्मेवाले. सही झाली.
दुसरे: ही जागा दंतवैद्यांसाठी रिकामी आहे. साक्षीला येतो, असं ते आपणहून म्हणाले होते. वकीलबाई सांगतात, घेणाऱ्यानेच साक्ष दिली तर त्याला दिलेलं रद्द होतं. तेव्हा त्यांनी सही करावी, नाहीतर वही घ्यावी. एका पाळीत दोन्ही नाही.

सही: घड्याळवाली
ठिकाण: दुकानाची मागची खोली
दिनांक: १४ मार्च

नोंद, १५ मार्च, सकाळ: दंतवैद्य साडेनऊला आले. उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं. टोपण न काढता पेन परत ठेवलं. दुसरी सही शिंप्याने केली.